येझदी मोटारसायकल गरम झाली की मिसफायर होऊन बंद पडते, थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. काय बघावं?

पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेला छोटा कॅपॅसिटर). जुन्या येझदीत पॉइंटचं इग्निशन, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्काने स्पार्क पडतो. कंडेन्सर खराब झाला की इंजिन थंड असताना कसाबसा चालतो, तापल्यावर दगा देतो. बंद पडल्याबरोबर, इंजिन गरम असतानाच, प्लग काढून, वायरच्या टोपीत बसवून हेडला (सिलिंडरच्या वरच्या धातूला) टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, पेट्रोलची वाफ असते) आणि किक मारा. थंड गाडीवर ही तपासणी व्यर्थ, आणि गॅरेजवाले बहुधा तेच करतात. स्पार्क पिवळट, मरतुकडा? कंडेन्सर बदला, पॉइंटचं गॅप ०.४ मिमी ठेवा. तरीही तेच, तर इग्निशन कॉइल (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारी) बघा.

स्पार्क चांगला असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, त्यातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल नीट उतरत नाही. पण गरम झाल्यावर आयडलिंग (अॅक्सिलरेटर न देता चालणारा वेग) आपोआप चढत असेल तर क्रँकचं सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील) हवा ओढतंय. तशी दामटलीत तर पिस्टन जाम होईल.