दिग्दर्शकाची 'स्टाइल' म्हणजे नक्की काय आणि ऑतर (म्हणजे पिक्चरचा खरा कर्ता मानला जाणारा दिग्दर्शक) कुणाला म्हणायचं?

नावं न बघता थोड्या वेळात पिक्चर कुणाचा ते ओळखू आलं की समजायचं स्टाइल आहे. माझ्या मते सोप्पं उदाहरण म्हणजे जपानचा यासुजिरो ओझू. कॅमेरा जमिनीपासून हातभर वर, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली, लेन्स बहुतेक ५० एमएम, आणि शेवटच्या पिक्चर्समधे तर कॅमेरा हलतच नाही. दोघं बोलत असले की दोघंही जवळजवळ थेट लेन्समधे बघतात, तो १८० डिग्रीचा नियम (कॅमेरा दोघांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा) ह्या माणसाने खुशाल धाब्यावर बसवला. १९५८ च्या 'इक्विनॉक्स फ्लॉवर'मधे, म्हणजे त्याच्या पहिल्या कलर पिक्चरमधे, एक लाल किटली आहे तिच्यावर लक्ष ठेवा, शॉट बदलला की ती जागा बदलते, कंटिन्युइटी (शॉट बदलला तरी वस्तू जागच्या जागी दिसणं) गेली उडत, फ्रेममधे लाल रंग कुठे हवा ते महत्त्वाचं.

बाकी ऑतरचं म्हणाल तर १९५४ ला फ्रेंच समीक्षक त्रुफोने 'काहिए द्यू सिनेमा' ह्या मासिकात त्यावर लेख लिहिला, पुढे अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिसने त्याची थिअरी केली आणि तिथल्याच समीक्षक पॉलीन केलने तिची पार पिसं काढली. मला केलचं थोडं पटतं, कारण ओझूचीच बरीच स्क्रिप्ट्स कोगो नोदाबरोबर लिहिलेली, कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं युहारू अत्सुता, मग श्रेय एकट्याला कसं द्यायचं? पण व्ह्यूफाइंडरमधून बघून कप कुठे, बाटली कुठे हे तो स्वतः ठरवायचा, तिथे मात्र बोलायला जागा नाही.

ओझू बघायचाच असेल तर त्याच्या 'टोकियो स्टोरी'पासून सुरू करा, पहिला अर्धा तास जरा स्लो वाटेल, मोबाइल लांब ठेवा.