वाचकांचे प्रश्न: सोलरच्या कॉइलचा कंट्रोलर

प्रश्न : गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, त्यात २ किलोवॉटची कॉइल. पावसाळ्यात पहाटे ती आपोआप लागावी म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि लॅचिंग रिले (विजेवर चालणारा, शेवटच्या स्थितीत टिकून राहणारा स्विच) वापरून कंट्रोलर केला. तीन पेन्सिल सेल चार दिवसांत उतरतात. एकदा तर कॉइल रात्रभर चालू राहिली. काय चुकले? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी कॉइलचे बघू, तो जिवाचा प्रश्न आहे. लॅचिंग रिलेला फक्त बदलताना झटका लागतो. सेल उतरले की ‘बंद’चा झटका बसत नाही आणि रिले चालूच राहतो. कॉइलसाठी तो वापरूच नका. कॉइल चालते तेव्हा घरात वीज असतेच, मग रिलेची वीज वाचवून काय मिळवायचे? ५ व्होल्टच्या अॅडाप्टरवर साधा रिले ठेवा आणि त्याने २५ अँपिअरचा काँटॅक्टर (जास्त करंटसाठीचा दणकट रिले) चालवा. वीज गेली की तो आपोआप सुटतो. कॉइल जवळपास ९ अँपिअर ओढते. छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेले असले तरी त्याचे पॉइंट चिकटतात. रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेस १० किलोओहमने ग्राउंडला जोडा, म्हणजे रीसेटच्या वेळी रिले लागणार नाही.

दुसरा संशय प्रोग्रॅमवर. सेन्सरची वायर सुटली की नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश देते. प्रोग्रॅमला वाटते पाणी गारठले आहे. सेन्सरला वीज दिल्यावर पहिली मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचले तर ८५ येते. उणे १२७ आले तर कॉइल बंदच. ८५ आले तर पुन्हा मोजा. टाकीचा यांत्रिक थर्मोस्टॅट मात्र कॉइलच्या सिरीजमध्ये राहू द्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच.

आता सेल. नॅनो बोर्ड साधारण २० मिलिअँपिअर खातो. २००० एमएएचचे सेल १०० तासांत संपणारच. बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि एलईडी झोपत नाहीत. नॅनोवरचीच एटमेगा३२८पी ही मुख्य चिप सुटी घ्या, तिला पॉवर-डाउनमध्ये (गाढ झोपेत) ठेवा आणि वॉचडॉगने, म्हणजे तिच्यातल्याच टायमरने, उठवा. सेन्सर १२ ऐवजी ९ बिटवर, म्हणजे कमी बारीक मोजणीवर, ठेवा: ७५० ऐवजी ९४ मिलिसेकंदांत मोजणी होते आणि अर्ध्या अंशाची अचूकता आंघोळीच्या पाण्याला पुष्कळ झाली. सेन्सरला किमान ३ व्होल्ट लागतात, म्हणून प्रत्येक सेल १.१ व्होल्टवर आला की बदला.

कोल्हापूरच्या पावसात कंट्रोलरची डबी गच्चीवर ठेवायची तर वायर खालूनच आत घ्या. वरून घेतलेली वायर पाणी थेट टर्मिनलवर आणते.