रोज सकाळी वचन वाचते, तरी मनाला शांती का नाही?

प्रश्न : ताई, मी रोज सकाळी साडेपाचला उठते, बायबल वाचते, प्रार्थना करते, अकरा वर्षं झाली, सहसा खंड पडत नाही. पण मागचं वर्षभर वाचलेलं डोक्यातच शिरत नाहीये. प्रार्थनेला बसलं की सासूबाईंचं आजारपण, घराचं कर्ज, मुलाचं टेन्शन, सगळं एकदम समोर येतं आणि बसले होते त्यापेक्षा जास्त अस्वस्थ होऊन उठते. महिला संगतीत हे बोलले तर एकीने सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच तसं आहे का? देव माझ्यावर नाराज आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही, नाराज नाहीये. हे आधीच सांगते कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही त्याच काळजीत राहाल.

अकरा वर्षं रोज उठताय आणि वर्षभर काही हाती लागत नसतानाही उठताय, मला तर हाच विश्वास वाटतो. ज्या दिवशी मन भरून येतं त्या दिवशी प्रार्थनेला बसणं सोपंच असतं हो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये, म्हणजे त्या गेल्यावर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कितीतरी दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं, आत नुसता अंधार होता, आणि त्याच काळात त्या रोज प्रार्थना करत होत्या, मरणाऱ्या माणसांची सेवा करत होत्या. मनाला जाणवणं वेगळं आणि देव जवळ असणं वेगळं, हे मला त्या पत्रांमुळे जितकं पटलं तितकं कुठल्या उपदेशाने पटलं नव्हतं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र वाचा. १५० स्तोत्रांत दुःखाची पुष्कळ आहेत पण बहुतेकांच्या शेवटी कुठेतरी आशेची एक ओळ येते, ह्यात तीही येत नाही, शेवट काळोखावरच होतो. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही! असं वाटणारी माणसं देवाच्या लोकांत आहेत आणि त्यांनी असंच बोलावं ह्याला जागा आहे, असाच मी त्याचा अर्थ घेते. १३ व्या स्तोत्रात दावीद तर सरळ विचारतो, अजून किती दिवस मला विसरणार आहेस. राजा माणूस, आणि देवाशी असं बोलतो!

आता प्रार्थनेत घुसणाऱ्या काळज्यांबद्दल. तुम्ही त्यांना अडथळा समजताय, त्यांना बाजूला सारून "खरी" प्रार्थना करायला बघताय आणि तिथेच दमताय असं मला वाटतं. सासूबाई, कर्ज, मुलगा, हीच तुमची प्रार्थना आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की कशाचीही चिंता करू नका, तर प्रत्येक गोष्टीत आपलं मागणं देवाला कळवा, आभार मानून कळवा, म्हणजे देवाची शांती तुमची मनं राखील. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यातला "राखील" आपल्याला ऐकूच येत नाही. मुळातला ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे आणि आपल्याकडेही राखण करणं म्हणजे पहाराच ना. जिथे धोका आहे तिथे पहारा बसवतात, म्हणजे काळजी संपल्यावर मिळणारी ही शांती नाही, काळजी दाराशी उभी असताना आत कोणीतरी जागं आहे, अशी ती शांती. आणि हे लिहिताना पौल स्वतः कैदेत होता, पुढे काय होणार, जगणार का मरणार, त्याला माहीत नव्हतं.

म्हणून थोडे दिवस एक करून बघा. तीन-तीन अध्याय वाचणं थांबवा (मी सांगतेय म्हणून गिल्टी वाटून घेऊ नका), एकच स्तोत्र घ्या, त्यातल्या चारच ओळी, सावकाश, मोठ्याने. मग वहीत काळज्या नावानिशी लिहा आणि प्रत्येकीसमोर फक्त आजच्या दिवसाचं काय ते लिहा. पूर्ण कर्ज आज फिटणार नाहीये, आज एक फोन करायचाय, एवढंच. येशूनेही सांगितलंय ना, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर आज दे म्हणतो, धीराचंही तसंच आहे असा माझा अनुभव आहे, पुढच्या महिन्याचा धीर आज मागितला तर मिळत नाही, आजचा मिळतो. आणि हो, आभार मानताना "सगळ्यासाठी धन्यवाद" असं मोघम नको, काल सासूबाईंना रात्री झोप लागली, त्यासाठी धन्यवाद, असं.

अजून एक विचारते, तुम्ही स्वतः किती झोपता? आजारी माणसाचं करून साडेपाचला उठताय म्हणून विचारलं. बायबलमधल्या १ राजे ह्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हटलं नाही, त्याला झोपू दिलं, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणून. देवाची मंद, शांत वाणी ऐकू आली ती त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा काही दिवस साडेपाचचा अलार्म बंद ठेवा आणि दुपारी दहा मिनिटं बसा, काही बिघडत नाही. आणि झोप येतच नसेल, छातीत धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या दिल्या तर घ्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय. औषध घेणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडणं, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ह्यावरून खूप चांगल्या माणसांना उगाच त्रास सोसताना मी पाहिलंय.


प्रश्न : माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते, कधी रात्र कधी दिवस, ठरलेली वेळ अशी नाहीच. सगळे सांगतात पहाटे देवाजवळ बसा. मी पहाटे घरी येऊन आडवा पडतो. मी काय करू?
– एक वाचक

उत्तर : झोपा, दादा. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्काच्या शुभवर्तमानात १:३५ मध्ये आहेच, पण त्याच मार्कात चौथ्या अध्यायात वादळ चालू असताना तो होडीत उशाशी उशी घेऊन झोपलाही होता.

तुम्हाला वेळेपेक्षा छोटी प्रार्थना लागेल. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडला होता, येशू, माझ्यावर दया कर. तशीच पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकानुशतकं एक ओळ श्वासाबरोबर म्हणतात, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. माझे वडील आयसीयूमध्ये होते तेव्हा मला दुसरं काहीच सुचत नव्हतं, बाहेरच्या बाकावर रात्रभर एवढंच म्हणत होते, अर्धी ओळ, कधी नुसतं "प्रभू". वडील त्या वेळी वाचले नाहीत. पण त्या रात्री मी एकटी नव्हते हे मी आजही तितक्याच खात्रीने सांगेन. ही प्रार्थना जिना चढताना होते, मशीनसमोर होते, सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स भांडी घासताना देवाशी बोलायचा तसं. आणि झोपण्याआधी दोन मिनिटं दिवसाकडे (तुमच्या बाबतीत रात्रीकडे) वळून बघा, कुठे बरं वाटलं, कुठे चुकलं, कोणाशी कडक बोललो, ते प्रभूला सांगा. जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसने आपल्या लोकांना हेच शिकवलं होतं आणि ते कामाच्या माणसांना फार उपयोगी आहे.


प्रश्न : मैत्रिणीचे मिस्टर चार महिन्यांपूर्वी गेले. तिला उत्तेजन मिळावं म्हणून मी रोज सकाळी मोबाईलवर एक वचन पाठवते. आधी ती हात जोडलेलं चित्र पाठवायची, आता महिनाभर काहीच उत्तर नाही. ती विश्वासापासून दूर चालली आहे का? अजून काय पाठवू?
– एक वाचक

उत्तर : तुमचं प्रेम कळतंय, चार महिने रोज कोण आठवण ठेवतं. पण ती दूर चालली आहे असं उत्तर न येण्यावरून धरू नका. सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं हे रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातलं वचन खरंच आहे, मी त्यावर टेकूनच जगते, पण ते दुःखातल्या माणसाने स्वतः, त्याच्या वेळेला म्हणायचं वचन आहे, दुसऱ्याने सकाळी सकाळी पाठवलं की ते "आता रडू नकोस" असं ऐकू येतं.

मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना येशूला माहीत होतं की थोड्या वेळात आपण ह्याला उठवणार आहोत, तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला रडताना बघून तो रडला. "येशू रडला" हे बायबलमधल्या सगळ्यात लहान वचनांपैकी एक आहे, आणि तुमच्या मैत्रिणीला आत्ता तेच लागेल असं मला वाटतं.

तर वचनं थोडी थांबवा. तिला एवढंच लिहा की उत्तर द्यायची गरज नाही, मी शनिवारी संध्याकाळी येतेय, आपण बसू. तिच्या मिस्टरांचं नाव घेऊन बोला, लोक नाव घ्यायचंच टाळतात आणि मागे राहिलेल्याला ते नाव ऐकायचं असतं. ती रडली तर रडू द्या. प्रार्थना करू का असं निघताना विचारा, नको म्हणाली तर घरी येऊन तिच्यासाठी करा, आणि पुढच्या शनिवारी परत जा.