प्रायमरी डिबेट आधी म्युट करून बघ

अरे पहिल्यांदाच अमेरिकेतली प्रायमरी डिबेट बघतोयस ना, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी (तीच प्रायमरी) त्याच पक्षातल्या इच्छुकांची टीव्हीवरची जुगलबंदी, मग बोलणाऱ्यापेक्षा जो गप्प उभा आहे त्याच्याकडे बघ, कॅमेरा मधेच त्याच्यावर येतो आणि वाकडं केलेलं तोंड बरोब्बर पकडतो. 2011 ला लास वेगासमध्ये भांडता भांडता रिपब्लिकन पक्षातला इच्छुक मिट रॉम्नीने दुसरा इच्छुक रिक पेरीच्या खांद्यावर हात ठेवला होता, ती क्लिप आवाज बंद करून बघ, कोण किती तापलंय लगेच कळतं. 2008 ला न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामा हिलरीकडे धड न बघता 'तशा बऱ्या आहात' टाइप बोलले, लोकांना खटकलं, आणि तिथली प्रायमरी हिलरीच जिंकल्या. आता फक्त त्यामुळेच जिंकल्या असं मी तरी म्हणणार नाही, टीव्हीवाले काय काहीही म्हणतात. आणि हे सगळे एकाच पक्षातले, उद्या त्याच माणसाचा प्रचार करायची वेळ येऊ शकते, म्हणून तर हसू एवढं ताणलेलं असतं.