गोर्बित्स अनिता, नंबर १३

प्रश्न : ताई नमस्कार, माझी पोरगी नववीला आहे, शाळेच्या टीममध्ये हँडबॉल खेळती. तिच्या वहीच्या मागच्या पानावर अनिता गोर्बित्स असं नाव अन् १३ आकडा दिसला, मला वाटलं वर्गातली मैत्रीण असंल, तर म्हणली पप्पा ती हंगेरीची हाय, रिटायर झाली, सगळं आयुष्य एकाच क्लबला खेळली. मग आमच्या पोरीला पुण्याला पाठवा असं लोक काहून म्हणायलेत? इथंच राहून होत नाही का? – एक पालक, परभणी

उत्तर : भाऊ, तुमचा घोळ होणारच, नावच तसं आहे. तिकडं तर आडनाव आधी लिहितात, गोर्बित्स अनिता, आपल्या दहावीच्या मार्कमेमोसारखं!

एकाच क्लबला खेळली हे खरंय, ग्योरी ईटीओ, म्हणजे हंगेरीतल्या ग्योर शहराचा क्लब, हिरवा-पांढरा ड्रेस, २०२१ ला रिटायर होईपर्यंत तिथंच, अन् तिचा १३ नंबर आता दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पण पोरीनं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली बघा. अनिता ग्योरची नाहीच, १९८३ ला वेसप्रेमला जन्मली, म्हणजे परभणी-नांदेड असावं साधारण तेवढ्या अंतरावरचं गाव, अन् तिथनं पोरवयातच ग्योरला आली. घर तिनंही सोडलंच की.

आता ग्योर काही लई मोठं शहर नाही, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, तुमच्या परभणीच्या निम्मी पण नाही. पण गावात ऑडीचा कारखाना, टीमच्या मागं त्यांचा पैसा, २०१४ पासून स्वतःचं मोठं इनडोअर स्टेडियम. नॉर्वेची हायडी लोके, ब्राझीलची एदुआर्दा अमोरिम असल्या खेळाडू तिकडून तिथं खेळायला यायल्या, मग हिनं गाव सोडून जावं कशाला? आपल्याकडं मुरमाच्या ग्राउंडवर चुन्यानं रेघा मारून खेळतो आपण (मी पण तशीच खेळले, गुडघ्याच्या खुणा अजून आहेत), त्यामुळं 'ती राहिली म्हणून आपण पण राहू' हे मला पटत नाही. पुण्याला पाठवायच्या आधी एकच विचारा, तिथं वर्षाला मॅचेस किती मिळतात. इथं तीनच अन् तिथं पण तीनच असतील तर दहावी होऊ द्या घरीच.

बाकी पोरीनं वहीत नाव लिहिलं ते बरंच केलं. सेंटर बॅक, म्हणजे टीमचा सगळा खेळ हिच्या हातानं चालायचा. २००३ च्या वर्ल्डकप फायनलला ही वीस वर्षांची, झाग्रेबला फ्रान्सविरुद्ध हंगेरी चांगली पुढं होती, मग आघाडी वितळत वितळत टाइम संपल्यावर मिळालेल्या पेनल्टीवर फ्रान्सनं बरोबरी केली अन् एक्स्ट्रा टाइममध्ये मॅच गेली. दोन वर्षांनी, २००५ ला, जगातली बेस्ट प्लेयर झाली. पण चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, काही हाताला लागंना, २००९ ला फायनल हरल्या, २०१२ ला दोन मॅचेसचे गोल मिळून बरोबरी अन् तरी बाहेरच्या ग्राउंडवरच्या गोलांच्या नियमानं कप माँटेनेग्रोच्या बुदुचनोस्त क्लबला गेला. पहिला कप आला २०१३ ला. बेस्ट प्लेयर झाल्यावर आठ वर्षं! ऑलिम्पिक मेडल तर कधीच नाही, बीजिंगला चौथा नंबर.

प्रश्न : ताई, हीच अनिता लग्न-लेकरू झाल्यावर खेळली का? माझ्या सासरी म्हणतात आता बास झालं ग्राउंड. – एक खेळाडू, बीड

उत्तर : खेळली ना! २०१५ ला मुलगा झाला, परत आली, २०१६ ची चॅम्पियन्स लीगची फायनल पेनल्टीवर हरली (नशीब बघा बाईचं), अन् मग २०१७, १८, १९ सलग तीन कप, तिन्ही फायनल एकेका गोलानं. एकूण पाचपैकी तीन आई झाल्यावरचे. सासूबाईंना एवढा हिशोब वाचून दाखवा. पण खरं सांगू, तिचा खेळ म्हणजे पगाराची नोकरी होती, तुमच्याकडं संध्याकाळी दोन तास लेकराला कोण सांभाळणार हा खरा मुद्दा आहे, त्यावर नवऱ्याशी बोला, सासूशी नंतर.

प्रश्न : हँडबॉल म्हणजे व्हॉलीबॉलच ना? – जालना

उत्तर : नाही हो दादा. मधी नेट नसतं, दोन्हीकडं गोलपोस्ट, सात-सात जण, बॉल हातात धरून तीन पावलं चालता येतं, चौथं टाकलं की शिट्टी. आमच्या शाळेत पाच पावलं पण चालायची, कारण पंच गणिताचे सर होते अन् त्यांचं लक्ष चहाकडं.