शेडमध्ये भिंगरीने घरटं केलंय, खाली सगळी घाण होते. घरटं काढू का?

नका काढू, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी. अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावणं बऱ्याच देशांत कायद्यानेही गुन्हा आहे. आणि वेळ किती लागतो? अंडी उबवायला साधारण 2 आठवडे, पिल्लं उडायला आणखी 3. मात्र त्याच मोसमात जोडी दुसऱ्यांदा अंडी घालू शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

घाणीवर उपाय सोपा आहे. घरट्याच्या खाली, पुरेसं अंतर सोडून, एक रुंद फळी ठोका. पिल्लं लहान असताना आईबापच त्यांची विष्ठा चोचीत धरून बाहेर नेतात. मोठी झाली की ती पाठ वळवून घरट्याच्या काठावरून खाली सोडतात, खरी घाण तेव्हाची. ती कोरडी खरवडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला मास्क लावा. गाडी किंवा चारा खाली असेल तर ताडपत्री टाका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार. तुम्ही दिवसभर शेड बंद केलंत तर आत पिल्लं उपाशी मरतील. दाराच्या वर 5 सेंटिमीटर उंच, वीतभर रुंद फट ठेवली तरी पुरते, भिंगरी उडत आत शिरते.

घरटं जवळून पाहा एकदा. चोचीत मावेल एवढी चिखलाची एकेक गोळी, अशा शेकडो गोळ्या आणि मधे गवताच्या काड्या. पुढच्या वर्षी तेच घरटं डागडुजी करून वापरतात, म्हणून मी तर रिकामं झाल्यावरही ठेवतो.