मधल्या नोकरीच्या वर्षाची हमी कोणाची? (अकाउंटिंग-फायनान्स पदवीबाबत उत्तर)

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला बारावी वाणिज्य शाखेत 88 टक्के गुण मिळाले आहेत. ब्रिटनमधील दोन विद्यापीठांनी ‘अकाउंटिंग अँड फायनान्स’ या पदवीसाठी प्रवेश देऊ केला आहे. त्यांपैकी एक अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, तर दुसरा मध्ये एक वर्ष नोकरीचा अनुभव देणारा, म्हणून चार वर्षांचा. तिसरा पर्याय सोलापुरातच बी.कॉम. करत सीए होण्याचा आहे. घरातला वाद मुख्यतः त्या मधल्या वर्षावरून आहे, म्हणजे ते कामी येते की नुसते वाया जाते यावरून.

मी गेली 19 वर्षे सोलापुरात सीए म्हणून व्यवसाय करतो, कार्यालयात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी आर्टिकलशिपला (सीए होण्यासाठी अनुभवी सीएच्या हाताखाली करावे लागणारे प्रत्यक्ष काम) असतात, आणि माझ्या भाचीने इंग्लंडमध्ये नेमका असाच चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्या आधारावर माझे मत आधीच सांगतो. ते वर्ष वाया जात नाही, उलट सबंध पदवीत तेच सर्वांत मोलाचे ठरण्याची शक्यता आहे. मात्र ते मिळेलच असे गृहीत धरून कर्जाचा हिशेब मांडू नये, कारण त्याची हमी कोणीही घेतलेली नसते.

मोलाचे का, हे मला स्वतःला एका गोदामात समजले. आर्टिकलशिपच्या दुसऱ्याच महिन्यात आमच्या सरांनी मला जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर साठा मोजायला पाठवले होते. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या होत्या. मी लांबीची पोती, रुंदीची पोती आणि थर मोजले, तिन्हींचा गुणाकार केला, आकडा नोंदवहीशी तंतोतंत जुळला, आणि कागदावर सही करून मी खाली चहा पीत बसलो. सायंकाळी सर आले आणि त्यांनी एवढेच विचारले, “वर चढून पाहिलेस का?” शिडी लावून चढलो, तेव्हा एका थप्पीचा मधला भाग चांगला कमरेइतका खोल गेलेला दिसला. पावसाळ्यात पत्रा गळला होता, भिजलेली पोती काढून दुसरीकडे नेली होती, आणि वहीत मात्र ती अजून थप्पीतच उभी होती. ऑडिटिंगच्या पेपरात साठा पडताळणीवरचे उत्तर मी चांगले लिहिले होते, गुणही बरे मिळाले होते. पण थप्पीवर चढावे लागते हे त्या उत्तरात कुठेच नव्हते. कामाच्या वर्षात मिळते ते हे, आणि ते मुलगी सोलापुरात शिकली काय किंवा इंग्लंडमध्ये शिकली काय, दोन्हीकडे तिला लागणारच आहे.

आता इंग्लंडकडे वळतो. तिकडे अशा पदवीला ‘सँडविच’ अभ्यासक्रमही म्हणतात, त्यामुळे भाचीची आजी बरेच दिवस ती हॉटेलचे काही शिकते आहे अशा समजुतीत होती. बाथ, लफबरो, ॲस्टन, सरे अशा विद्यापीठांमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. रचना साधारणपणे अशी असते की पहिली दोन वर्षे वर्गात, तिसरे वर्ष एखाद्या लेखापाल फर्ममध्ये, बँकेत किंवा कंपनीच्या वित्त विभागात पगारी काम, आणि चौथ्या वर्षी परत येऊन पदवी पूर्ण. विद्यापीठाचा प्लेसमेंट (म्हणजे या मधल्या वर्षाची नोकरी) विभाग बायोडाटा तपासून देतो, मुलाखतीचा सराव करून घेतो, जागांच्या जाहिराती कळवतो. परंतु अर्ज विद्यार्थ्यानेच करायचे असतात आणि निवड कंपनीच करते. माहितीपत्रकात हे लिहिलेले असते, फक्त बारीक अक्षरात.

भाचीने दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, अर्ज करायला प्रारंभ केला. एकंदर 43 अर्ज झाले. बहुतेक ठिकाणी आधी संगणकावर अंकगणिताची आणि तर्काची चाचणी, मग समोर कोणी माणूस नसताना कॅमेऱ्याकडे पाहून दिलेली मुलाखत, आणि त्यानंतर दिवसभराची गटचर्चा. अनेक नकार तर नुसत्या मौनातूनच समजले. फेब्रुवारी उजाडल्यावर तिला एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या वित्त विभागात जागा मिळाली. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीला शेवटपर्यंत मिळाली नाही, आणि ती निमूटपणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्ग झाली. गुणांमध्ये दोघींत फारसा फरक नव्हता. फरक एवढाच की दुसरीने अर्ज जानेवारीत सुरू केले, तोपर्यंत मोठ्या फर्मच्या जागा भरत आल्या होत्या.

जागा मिळाल्यावर काम काय होते, तर पहिले तीन महिने पुरवठादारांची खाती जुळवणे. एका पुरवठादाराच्या खात्यात फरक सुटेना. दोन दिवस बसल्यावर तिला दिसले की एकच क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याची पुरवठादाराची चिठ्ठी) दोनदा चढवली आहे, एकदा ईमेलवरून आणि एकदा टपालाने आलेल्या प्रतीवरून. हे तिने मला ज्या उत्साहाने फोनवर सांगितले, तो उत्साह मी तिच्यात कधी परीक्षेच्या निकालानंतरही पाहिला नव्हता. चाटी गल्लीतल्या कापड दुकानाचे जुने दिवाणजी हेच काम मांडी घालून, कीर्द-खतावणी समोर ठेवून करत आले आहेत, हे मी तिला मुद्दाम सांगितले नाही.

पैशांची बाजू नीट समजून घ्यावी, कारण चुका तिथेच होतात. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांसाठी त्या नोकरीच्या वर्षाचे शुल्क पूर्ण शुल्काच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही, त्यांचे शुल्क विद्यापीठ स्वतः ठरवते. म्हणून आपल्या मुलीला त्या वर्षी नेमके किती पौंड भरावे लागतील, हे विद्यापीठाकडून लेखी मागवावे. व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे आणि संपूर्ण मुदतीचा आधीच द्यावा लागतो. चार वर्षांचे 3,104 पौंड केवळ याच एका बाबीत जातात, आणि पौंड शंभर रुपयांच्या वर असल्याने ही रक्कम तीन लाख रुपयांपलीकडे पोहोचते. बँकेच्या कर्जप्रस्तावात हा खर्च अनेकदा राहून जातो.

नोकरीच्या वर्षात पगार मिळतो, आणि त्यात राहण्या-जेवणाचा खर्च बहुधा भागतो. पण तो पगार कर्जफेडीच्या तक्त्यात जमेच्या बाजूला मांडलेला मी एका पालकांकडे पाहिला, तेव्हा मला तो खोडायला सांगावे लागले. येणे निश्चित झाल्याशिवाय ते उत्पन्न म्हणून धरू नये, ही सावधगिरी आपण अशिलांच्या ताळेबंदात पाळतो. स्वतःच्या घरात ती का सोडावी, हे मला उमगत नाही.

व्हिसाचे नियम या वर्षाला आड येत नाहीत. सत्रकाळात विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासच काम करता येते, मात्र अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या आणि मूल्यमापन होणाऱ्या प्लेसमेंटमध्ये पूर्णवेळ काम करता येते. यावरून एक व्यावहारिक सल्ला निघतो: जायचेच असेल, तर प्रवेश सुरुवातीपासून चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला घ्यावा. चारवरून तीनवर येणे सोपे असते. तीनवरून चारवर जायचे म्हटले, तर व्हिसाचा अर्ज, शुल्क आणि अधिभार हे सारे पुन्हा निस्तरावे लागते. म्हणून आपल्या दोन प्रवेशपत्रांमधली निवड, इतर सर्व समान असल्यास, माझ्या मते फारशी अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा पूर्वी दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे, आणि आपली मुलगी त्याच नियमात बसेल. त्यानंतर तिथे राहायचे, तर ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी प्रायोजक कंपनी हवी आणि सर्वसाधारण पगाराची अट जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड आहे. नवोदितांसाठी ती 33,400 पौंड आहे. लंडनबाहेरच्या लहान फर्ममध्ये सुरुवातीलाच एवढा पगार मिळणे कठीण असते. अशा वेळी ज्या कंपनीने प्लेसमेंटच्या वर्षात काम पाहिले आहे, तीच परत बोलावण्याची शक्यता सर्वाधिक. भाचीच्या बाबतीत तसेच घडले. तरीही यापुढचे नियम आजच्यासारखेच राहतील असे मानून घर गहाण ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे.

पात्रतेचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशा पदव्यांमुळे एसीसीए या ब्रिटनमधील व्यावसायिक लेखापाल पात्रतेच्या सध्याच्या 13 पेपरांपैकी कमाल 9 पेपरांतून सूट मिळू शकते, आणि तिथल्या 36 महिन्यांच्या अनुभवाच्या अटीत प्लेसमेंटचे वर्षही धरता येते, अर्थात वरिष्ठाने ते प्रमाणित केले तर. मात्र हेच वर्ष भारतातील सीएच्या आर्टिकलशिपमध्ये धरले जात नाही. एसीसीए झालेल्या व्यक्तीला भारतात वैधानिक, म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेल्या, लेखापरीक्षणाच्या अहवालावर सहीही करता येत नाही. तो अधिकार व्यवसायाचे प्रमाणपत्र असलेल्या सीएचाच. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुण्यातील कार्यालयांत एसीसीएला चांगली मागणी आहे, पण परत येऊन सोलापुरात पाटी लावायची असेल, तर वाट दुसरी आहे.

ती वाट म्हणजे आपली जुनी आर्टिकलशिप, आणि विचार केला तर ती नोकरीच्या वर्षाचीच आवृत्ती आहे, तीही दोन वर्षांची. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोनवर आली. सीएच्या परीक्षेत आधी फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएटचे सहा, त्यांचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) सुटल्यावर दोन वर्षे प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी फायनलचे सहा पेपर. प्रत्येक पेपरात 40 टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के लागतात. ऐकायला हे सोपे वाटते, तसे ते नाही. वाणिज्य पदवीला 55 टक्के मिळाल्यास फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी करता येते, त्यामुळे बी.कॉम. हातात ठेवणे कधीही शहाणपणाचे. हिराचंद नेमचंद किंवा वेलणकर महाविद्यालयात शिकत ही परीक्षा देणारी मुले दरवर्षी माझ्याकडे येतात.

जागा इथेही स्वतःच शोधावी लागते, परंतु इंटर उत्तीर्ण मुलीला सोलापुरात आर्टिकलशिप मिळाली नाही, असे मी अजून ऐकलेले नाही. विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, ते फार नसते, आणि त्याबद्दल मुलांची तक्रार रास्त आहे. काम मात्र भरपूर. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आधीचे जीएसटीचे दिवस, खरेदी नोंदवही आणि जीएसटी पोर्टलवरचे 2बी हे खरेदीचे विवरण यांची जुळवणी, एप्रिलमध्ये तालुक्याच्या बँक शाखांचे लेखापरीक्षण, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात सुताचे कोन (शंकूच्या आकाराच्या गुंडाळ्या) मोजणे. कारखानदार तेलुगूत बोलतो, मार्केट यार्डातला अडत्या कानडीत, आणि मुलगी दोन वर्षांत तिन्ही भाषांतून उधारी समजू लागते. उणीव एकच आहे: मोठ्या सूचीबद्ध कंपनीचे लेखापरीक्षण, आंतरराष्ट्रीय लेखामानके, परकीय चलनाचे व्यवहार हे इथे क्वचितच हाताळायला मिळतात. त्यावर उपाय म्हणून शेवटच्या वर्षात 9 ते 12 महिन्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घेता येते, आणि त्यासाठी मुले पुण्या-मुंबईला जातात.

याखेरीज विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये शिकाऊ उमेदवारीची सत्रे अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. बँकिंग-वित्त क्षेत्रात लवकर नोकरी हवी असल्यास त्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. सीएचा विचार असलेल्या मुलीसाठी मी ते सुचवणार नाही.

आपण लिहिले आहे की होटगी रोडवरचा फ्लॅट तारण ठेवावा लागेल आणि दुसरे अपत्य दहावीत आहे. या परिस्थितीत मी माझ्या मुलीला आत्ता इंग्लंडला पाठवले नसते. बी.कॉम.बरोबर सीए इंटर, आर्टिकलशिप, आणि त्यानंतरही ओढ राहिली तर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, असा क्रम मी धरला असता. खर्चाची वर्षे चारवरून एकावर येतात, आणि तोपर्यंत तिच्या हाताला काम आलेले असते. फ्लॅट तारण ठेवावा लागत नसता, तर बहुधा उलट सांगितले असते. तरीही जायचे ठरलेच, तर अनामत भरण्यापूर्वी विद्यापीठाला तीन गोष्टी ईमेलने विचाराव्यात: मागील वर्षी या अभ्यासक्रमाच्या किती विद्यार्थ्यांनी प्लेसमेंटसाठी प्रयत्न केला आणि त्यांपैकी किती जणांना ती मिळाली, त्यांत परदेशी विद्यार्थी किती होते, आणि जागा न मिळाल्यास शुल्काचे व व्हिसाचे काय होते. पहिला आकडा सहज देतात. दुसऱ्यासाठी पाठपुरावा करावा लागतो, आणि आपल्या कामाचा आकडा तोच आहे.

अखेरीस, मुलीचे स्वतःचे मत आपल्या लिखाणात कुठे आढळले नाही. सध्या रिटर्न भरण्याचा हंगाम आहे आणि प्रत्येक सीएच्या कार्यालयात हातांची कमतरता आहे. ओळखीच्या कोणाकडेही तिला 15 दिवस बसवा, एखाद्या व्यापाऱ्याचे बँक स्टेटमेंट आणि रोकडवही जुळवायला द्या. फरक सापडेपर्यंत तिला उठवत नाही की चौथ्या दिवशी डोके दुखू लागते, हे आपल्या दोघांपेक्षा तिला आधी कळेल, आणि अनामत भरायची मुदत त्यानंतर येते आहे.